लिलाव-कॅटलॉगांच्या क्रमांकित आवृत्त्या : घेताना काय बघायचं, कोकणात कशा टिकवायच्या

पागोळी (मालवण)

टपाल तिकिटांवर इथे भरपूर लिहिलं गेलंय. तिकिटांविषयी जे छापलं गेलं त्यावर मात्र जवळजवळ काहीच नाही. म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

मोठा संग्रह विकायला निघाला की लिलावगृह नेहमीच्या कागदी कव्हरच्या कॅटलॉगबरोबर कधी कधी थोड्या प्रतींची पक्क्या बांधणीची आवृत्ती काढतं. कापडी किंवा चामडी कव्हर, आत प्रतीचा क्रमांक, काहींना स्लिपकेस (प्रत आत सरकवायची पेटी). फिलाटेलीच्या (तिकीटसंग्रहाच्या) साहित्याच्या बाजारात आता हीच कॅटलॉगं ‘कलेक्टिबल’ म्हणून येतात. जाणकारांनी सांगावं :

क्रमांकित प्रत खरी की मागाहून बांधून घेतलेली, हे कसं ओळखायचं? सोबत काय काय असलं की प्रत पूर्ण? सगळं पीडीएफमध्ये फुकट मिळत असताना छापील प्रतीला पैसे का द्यायचे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, जून ते सप्टेंबर ही जाडजूड आर्ट पेपरची पुस्तकं आपल्या हवेत ठेवायची कशी?

---

लॉट_नंबर_सात (रत्नागिरी)

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचं ठरतं.

सरसकट पैसे देऊ नका. न्यूयॉर्कच्या सीगलसारख्या लिलावगृहांनी आपल्या जुन्या विक्रीची कॅटलॉगं आणि मिळालेले भाव संकेतस्थळावर खुले ठेवले आहेत. त्यामुळे १९९० नंतरच्या साध्या कागदी प्रतींना किंमत उरलेली नाही, टपालखर्चच जास्त होतो. भाव टिकून आहे तो तीन प्रकारांना. पहिल्या महायुद्धापासून दुसऱ्यापर्यंतची, चित्रपृष्ठांसह पूर्ण असलेली कॅटलॉगं. लिलावाच्या खोलीत बसून कोणी भाव आणि खरेदीदारांची नावं समासात लिहिलेल्या प्रती. आणि नावाजलेल्या संग्रहांच्या क्रमांकित पक्क्या प्रती.

संदर्भासाठी काही टप्पे. तिकिटांचा पहिला लिलाव पॅरिसमध्ये २९ डिसेंबर १८६५ ला झाला, लंडनमधला पहिला १८७२ ला. त्या काळची कॅटलॉगं म्हणजे चार-आठ पानी याद्या. ज्यांच्यापासून संच जमवायची सवय लागली ती फेरारी या मोठ्या संग्राहकाच्या तिकिटांच्या विक्रीची : १९२१ ते १९२५, पॅरिस, १४ विक्र्या. फ्रेंच सरकारने हा संग्रह युद्धभरपाईपोटी जप्त करून विकला. पुढे कॅस्परी संग्रह, एच. आर. हार्मर लिलावगृह, न्यूयॉर्क, १९५५ ते १९५८, १६ विक्र्या. सीगलने १९६७-६८ मध्ये विकलेला लिली संग्रह, १० विक्र्या. कानाईंचा मॉरिशस संग्रह, फेल्डमन लिलावगृह, झुरिक, नोव्हेंबर १९९३. अगदी अलीकडचा एरिवान हाउब यांचा संग्रह, २०१९ पासून अनेक भागांत आणि एकाहून अधिक घरांकडून, पक्क्या बांधणीच्या खंडांत.

असा संच पूर्ण असणं आणि सुटे खंड असणं यांत भावाचा मोठा फरक पडतो. १४ पैकी ११ जमले तर उरलेले ३ मिळवायला पहिल्या ११ पेक्षा जास्त लागू शकतात. म्हणून कोणते खंड दुर्मिळ हे आधी शोधा आणि तिथून सुरुवात करा. सोपे खंड केव्हाही मिळतात.

---

जुजबंदी (सावंतवाडी)

पहिला प्रश्न माझ्या अंगणातला.

आधी क्रमांकाचं पान बघा. ते अर्धशीर्षकाच्या (फक्त नाव छापलेल्या पहिल्या पानाच्या) मागे किंवा अगदी शेवटी असतं. ‘एकूण इतक्या प्रती, त्यातली ही अमुक’ असं छापलेलं वाक्य हवं, आणि क्रमांक शाईने लिहिलेला किंवा नंबरिंग मशीनने उठवलेला. काही युरोपीय घरं विक्रीच्या प्रतींना साधे अंक आणि भेटीच्या प्रतींना रोमन अंक देतात. त्यामुळे रोमन अंकाची प्रत दिसली तर लगेच संशय घेऊ नका. एकूण संख्या कुठेच छापलेली नसेल आणि वर्णनात फक्त ‘लिमिटेड’ असेल तर नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. डिजिटल छपाईत ५० प्रती काढणं कुठल्याही छापखान्याला जमतं, आणि गरज पडली तर पुढच्या महिन्यात आणखी ५० काढणंही.

मग बांधणी. प्रत मध्ये उघडून कण्याकडे बघा. लिलावगृहाने स्वतः काढलेली चांगली आवृत्ती बहुतेकदा जुजबंदीची असते : १६ पानांचे फर्मे दुमडून, मधोमध दोऱ्याने शिवलेले. फर्म्याच्या मध्यावर दोरा दिसलाच पाहिजे. दोरा नसेल आणि प्रत्येक पान सुटं गोंदात बसलेलं असेल, तर बऱ्याचदा कागदी प्रत उचलून तिला पुठ्ठा चढवलेला असतो. पण इथे घाई नको. काही घरांनी खरोखरच साध्या आवृत्तीचीच पानं वापरून पक्की आवृत्ती काढली आहे. तेव्हा तिसरी तपासणी करा, पट्टी घेऊन.

मागाहून बांधताना बाइंडर तिन्ही बाजू कटिंगला लावतो. दर कटिंगला २ ते ४ मिलिमीटर जातात. साध्या कागदी प्रतीचं पान २९७ × २१० असेल आणि ‘विशेष’ प्रतीचं २९२ × २०६ भरलं, तर ती पुन्हा बांधलेली आहे असंच धरा. चित्रपृष्ठाच्या कडेला असलेला पानाचा आकडा कापला गेलाय का तेही बघा. मूळ कागदी कव्हर आत घालून बांधलेलं असेल तर ती प्रामाणिक पुनर्बांधणी. तिला वाईट म्हणायचं कारण नाही, फक्त भाव विशेष आवृत्तीचा द्यायचा नाही.

चामडी कणा असेल तर बोट फिरवा. बोटाला तांबूस भुकटी लागली तर चामडं कुजतंय. ते परत नीट होत नाही. धुरळा थांबवायचा उपाय आहे, पण कातडं दुरुस्त होत नाही.

---

सुरंगी (वेंगुर्ला)

‘पूर्ण प्रत’ म्हणजे काय, त्यावर लिहिते, कारण इथे विक्रेत्यांचं वर्णन सगळ्यात ढिलं असतं.

कॅटलॉगबरोबर मुळात आलेलं आणि हमखास हरवणारं : मिळालेल्या भावांची यादी, शुद्धिपत्राची चिठ्ठी, लिलावाच्या दिवशी वाटलेल्या दुरुस्त्यांचा कागद, बोलीचा फॉर्म, पाहणीच्या वेळांचं कार्ड. बोलीचा फॉर्म नसला तरी चालतं. भावांची यादी नसेल तर नाही. पूर्वी ही यादी विक्रीनंतर काही आठवड्यांनी वेगळ्या पाकिटातून यायची, त्यामुळे असंख्य प्रतींत ती कधी पोचलीच नाही. ती आहे असं विक्रेता म्हणाला तर पहिल्या आणि शेवटच्या लॉटचा (एका क्रमांकाखाली विकलेल्या वस्तूचा) आकडा विचारा. अनेक दिवस चाललेल्या विक्रीत एकाच दिवसाची यादी जोडून ‘यादीसह’ म्हणून विकलं जातं.

यादी मिळाली तरी तिच्यातले आकडे कसले आहेत ते बघावं लागतं. लंडनला क्रिस्टीज आणि सदबीज यांनी खरेदीदाराकडून अधिभार घ्यायला १९७५ मध्ये सुरुवात केली. त्याआधीचा त्यांचा आकडा म्हणजे नुसता हातोड्याचा, म्हणजे बोलीत ठरलेला भाव. नंतरच्या याद्यांत कुठे अधिभार धरलेला, कुठे नाही. बहुतेकदा यादीच्या पायाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. फेरारीच्या विक्रीत तर हातोड्यावर १७.५ टक्के सरकारी भर होता. १९२२ मध्ये ब्रिटिश गयानाच्या १ सेंट मॅजेंटा या तिकिटावर हातोडा ३,००,००० फ्रँकला पडला आणि खरेदीदार आर्थर हाइंडच्या खिशातून गेले ३,५२,५००. दोन्ही आकडे वेगवेगळ्या लेखांत ‘किंमत’ म्हणून येतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

चित्रपृष्ठं मोजा. जुन्या कॅटलॉगांत ती मजकुरात नसून शेवटी एकत्र असतात आणि त्यांना वेगळे क्रमांक असतात. लोकांनी त्यातलं हवं ते पान कापून अल्बममध्ये लावलेलं असतं. पानांचा आकडा सलग म्हणून प्रत पूर्ण, असं समजू नका.

---

बंदरकर (अलिबाग)

सुरंगीताई, छान. या चित्रपृष्ठांचा उपयोगही सांगायला हवा, नाहीतर हे सगळं शोभेसाठी जमवतात असं वाटेल.

मुख्य उपयोग म्हणजे मालकीचा माग आणि दुरुस्त्या पकडणं. बिनदाती (कडेला दाते नसलेल्या) तिकिटाचे चारी समास कात्रीने कापलेले असतात, ते दुसऱ्या कुठल्याही तिकिटाशी जुळत नाहीत. भारताचं १८५४ चं चार आणे, लाल-निळं, आज चारी बाजूंनी रुंद समासांचं म्हणून विकायला आलं आणि १९३० च्या चित्रपृष्ठात त्याच शिक्क्याचं तिकीट डावीकडे चौकटीला भिडलेलं दिसलं, तर समास जोडलेला आहे. शिक्क्याची नेमकी जागा, कागदावरची सुरकुती, सगळं असंच पडताळता येतं.

मुंबईशी जोडलेलं उदाहरण घ्या. मॉरिशसच्या १८४७ च्या ‘पोस्ट ऑफिस’ तिकिटांपैकी एक पेनीची दोन असलेलं, मुंबईच्या बायबल सोसायटीच्या सचिवांच्या नावे १८५० मध्ये आलेलं पत्र. ते १९६८ मध्ये न्यूयॉर्कला हार्मरच्या विक्रीत ३,८०,००० डॉलरला गेलं. अशा वस्तूचा प्रवास लिहायचा तर प्रत्येक विक्रीचं कॅटलॉग पुढ्यात असावं लागतं. पीडीएफमध्ये चित्र इतकं दाबलेलं असतं की समासाची कड सापडत नाही.

आता सावधगिरी. जुने ब्लॉक (चित्र छापायचे साचे) करताना तिकिटाभोवतीची पार्श्वभूमी हाताने कापून काढत. त्यामुळे चित्रात एखादा दात आखूड दिसला म्हणजे तिकिटात तो आखूड होताच असं नाही. चित्रं बऱ्याचदा कमी आकारात छापलेली असतात, आधी तिकिटाची खरी रुंदी धरून प्रमाण काढा. रंगछटेसाठी तर छापील चित्रावर अजिबात विसंबू नका.

स्कॅन करायचं तर ६०० डीपीआय, रंगीत मोडमध्ये, टिफ फाइल. हाफटोनचे (छापील चित्र ज्यांनी बनतं ते) ठिपके १० पट भिंगातून स्पष्ट दिसतात, त्यामुळे १२०० च्या वर गेलात तर फक्त ठिपके मोठे होतात, तपशील वाढत नाही. ‘डिस्क्रीन’ केलेली (ठिपके पुसलेली) प्रत वेगळी ठेवा, मूळ स्कॅनला हात लावू नका. कोलोटाइप छपाईच्या जुन्या पानांत ठिपके नसतात, बारीक कण दिसतात. तिथे १२०० पर्यंत जाणं उपयोगाचं.

---

तारवाला (देवगड)

पागोळीबाय, मेन गोष्ट ऐक. आर्ट पेपर भिजलो काय संपलो. सुकवूक ठेवशीत तर पानां येकमेकांक चिकटतली, मगे सुरयेन सुदीक सुटाची नाय.

कारण असं की आर्ट पेपरवर चिनी मातीचा आणि चिकट पदार्थाचा लेप असतो. ओल लागली की लेप मऊ होतो आणि सुकताना शेजारच्या पानाला धरतो. म्हणून कौलातून गळती होऊन कॅटलॉग भिजला तर पंख्याखाली ठेवायचा नाही, उन्हात तर नाहीच. ओला असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. सहा-आठ तासांच्या आत. गोठला की घाई संपली. नंतर एकेक प्रत बाहेर काढायची, ओली असतानाच पानं सोडवायची आणि प्रत्येक पानामध्ये बेकिंगला वापरतात तो सिलिकॉनचा लेप असलेला कागद घालायचा. साधा ट्रेसिंग पेपर नको, तो स्वतःच फुगतो.

---

जुजबंदी (सावंतवाडी)

तारवाला, शंभर टक्के. त्यात भर :

पिन बांधणीचे पातळ कॅटलॉग, म्हणजे १९५० ते १९८० मधले बरेचसे, खाऱ्या हवेत पिनेपासून कुजतात. पिन गंजते, गंज कागदात उतरतो, मधलं पान सुटतं. पिन काढताना स्टेपल रिमूव्हर वापरू नका, कागद फाटतो. मधलं पान उघडून पिनेचे दुमडलेले पाय बोथट पातीने सरळ करा, मग बाहेरच्या बाजूने पिन ओढून घ्या. त्याच भोकांतून बिनरंगी लिननच्या दोऱ्याने शिवा, लागलं तर मधोमध एक भोक वाढवा. गाठ आतल्या बाजूला.

गावातल्या बाइंडरकडे द्यायचं असेल तर एक गोष्ट बजावून सांगा : खळीत मोरचूद घालायचं नाही. कसर लागू नये म्हणून घालायची पद्धत आहे, आणि कसर लागत नाहीही. पण तांब्याच्या क्षाराने कागद लवकर ठिसूळ होतो आणि पुस्तीच्या (कव्हरला आतून चिकटवलेल्या पानाच्या) कडेने तपकिरी पट्टा उमटतो.

आणि खरं सांगायचं तर क्रमांकित प्रत बाइंडरकडे द्यायचीच नाही. कव्हरची बिजागरी सैल झाली असेल तर आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी करून घ्या. मूळ कव्हर गेलं की विशेष आवृत्ती संपली.

---

कौलारू (गुहागर)

इतकी भीती कशाला? सरळ हवाबंद डबा, चार पुड्या सिलिका जेल, वर झाकण. वर्षानुवर्षं टिकतं.

---

तारवाला (देवगड)

कौलारूदादा, चार पुड्यांनी काही होत नाही. हिशेब करून बघा.

३०० पानांचा ए-फोर कॅटलॉग दर चौरस मीटरला १३० ग्रॅमच्या आर्ट पेपरवर : १५० पत्रं (एका पत्राला दोन पानं) × ०.०६२४ चौरस मीटर × १३० = साधारण १.२ किलो. पुठ्ठा धरून १.६. अशा नऊ-दहा प्रती म्हणजे १५ किलो. जुलैत ८५ टक्के आर्द्रतेत या कागदाने शोषलेलं पाणी आणि ५० टक्क्यांना राहायला हवं ते पाणी यांत वजनाच्या ४ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणजे ६०० ग्रॅम पाणी बाहेर काढायचं. सिलिका जेल कामापुरतं धरलं तर स्वतःच्या वजनाच्या २० टक्के घेतं. मग जेल लागेल ३ किलो. पुडीत असतं ५-१० ग्रॅम.

म्हणून डबा जुलैत भरायचाच नाही. डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी, जेव्हा आपल्याकडे दुपारची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, तेव्हा प्रती आठवडाभर सावलीत उभ्या उघडून ठेवायच्या आणि मग डब्यात भरायच्या. तेव्हा जेलचं काम फक्त राखणीचं राहतं, त्याला दर घनमीटरला २० किलो हे प्रमाण पुरतं. ४० लिटरच्या डब्याला ८०० ग्रॅम. नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, ते टाळा. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास.

डबा तळाला ५ आकडा असलेला, पॉलिप्रॉपिलीनचा. झाकणाला रबराची पट्टी हवी. आत डांबरगोळ्या नकोत.

---

सुरंगी (वेंगुर्ला)

डबे नको, कपाटच हवं असेल त्यांच्यासाठी : चिऱ्याच्या भिंतीला टेकवून कपाट ठेवू नका. चिरा पावसात पाणी धरतो. मागे चार इंच जागा सोडा. या प्रतींची एक फूट रांग २२ किलोच्या आसपास भरते, म्हणून फळीला दर दोन फुटांवर आधार द्या. फळी वाकली की जड खंडांचे कणे पुढच्या बाजूला ओढले जातात.

एसीबद्दल : रोज चार तास लावून बंद करणं न लावण्यापेक्षा वाईट. थंड झालेल्या कव्हरवर दमट हवा येते आणि पाणी सुटतं. सलग चालणारा डिह्युमिडिफायर बरा, कंप्रेसरचा. आपल्या तापमानाला तो नीट चालतो. ६५ टक्क्यांच्या वर बुरशीला वाव मिळतो, ४५ ते ५५ वर ठेवता आलं तर उत्तम.

---

पागोळी (मालवण)

मनापासून आभार सगळ्यांचे. अजून दोन शंका. बाहेरून प्रत मागवताना कस्टम्स आणि पोस्टाचं काय? आणि जुन्या प्रतीबरोबर कसर घरात आली तर?

---

लॉट_नंबर_सात (रत्नागिरी)

कस्टम्सच्या वर्गीकरणात छापील पुस्तकं ४९०१ खाली आणि व्यापारी कॅटलॉग ४९११ खाली येतात. दोन्हींचे दर वेगळे. पाठवणाऱ्याने डिक्लरेशनवर नुसतं ‘ऑक्शन कॅटलॉग’ लिहिलं की माल दुसऱ्या खान्यात पडतो. शंभर वर्षांपूर्वीच्या विक्रीचं बांधीव कॅटलॉग हे आता कुणाला काही विकायला छापलेलं नाही, ते संदर्भपुस्तक आहे. म्हणून ‘जुनं छापील पुस्तक, प्रकाशनवर्ष अमुक’ असं खरं आणि पूर्ण वर्णन लिहायला सांगा, सोबत पावती ठेवायला सांगा. निर्णय शेवटी अधिकाऱ्याचा. पुस्तकांवरही २०१९ च्या अर्थसंकल्पापासून ५ टक्के आयातशुल्क आहे. दर बदलत राहतात, मागवायच्या आधी ताजे बघून घ्या.

देशात पाठवताना ज्ञान पोस्टवर भिस्त ठेवू नका. ती मे २०२५ पासूनची सेवा शैक्षणिक, सांस्कृतिक पुस्तकांसाठी आहे, व्यापारी स्वरूपाचं किंवा जाहिराती असलेलं छापील साहित्य तिच्यात बसत नाही. कॅटलॉगात जाहिराती असतातच. पार्सल किंवा स्पीड पोस्ट धरा. वर तारवालांनी वजन काढून दिलंय, पाच खंड म्हणजे ८ किलो. कोपरे चेपतात म्हणून प्रत्येक खंड दोन पुठ्ठ्यांमध्ये, पुठ्ठा चारी बाजूंनी एक सेंटिमीटर मोठा, आणि बाहेरून प्लॅस्टिक. पावसाळ्यात मागवूच नका.

काय घ्यायचं याची यादी करायला लॉर्ड क्रॉफर्ड यांच्या तिकीटविषयक ग्रंथसंग्रहाची सूची हाताशी ठेवा : बेकन यांनी केलेली, १९११ ची. तिची पुरवणी १९२६ ची, आणखी भर १९३८ ची. क्रॉफर्डने १९०३ मध्ये अमेरिकेतल्या टिफनी या संग्राहकाचा सबंध ग्रंथसंग्रह विकत घेतला होता, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातलं छापील साहित्य त्यात भरपूर सापडतं. तो संग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि स्कॅन होऊन ग्लोबल फिलाटेलिक लायब्ररी या संकेतस्थळामार्फत बघायला मिळतो. आपल्या भागापुरतं जमवणाऱ्यांनी मोठी नावं सोडून सावंतवाडी, जंजिरा संस्थानांचे कोर्ट फी स्टॅम्प किंवा मुंबई-एडन समुद्री टपालाचे शिक्के आलेल्या विक्र्या धराव्यात. तिथे गर्दी कमी.

---

जुजबंदी (सावंतवाडी)

कसरीसाठी : नवी आलेली प्रत पिशवीत हवा काढून बंद करा, चिकटपट्टी लावा. घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ ला, दोन आठवडे. मध्ये वीज गेली आणि बर्फ वितळू लागला तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा, कारण हळूहळू गार-गरम झालं की अंडी वाचतात. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर बाहेरच्या दमट हवेचं पाणी थेट कव्हरवर बसतं. उघडल्यावर मऊ ब्रशने कण्याकडून बाहेर झटका. खाली पांढरा कागद अंथरा, म्हणजे दोन दिवसांनी नवी भुकटी पडली का ते दिसेल.

---

कौलारू (गुहागर)

तारवाला, हिशेब पटला. आर्द्रता मोजायचा तो स्वस्तातला डिजिटल मीटर विश्वासाचा असतो का?

---

तारवाला (देवगड)

तपासून घेतलात तर चालतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार-पाच थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं दिसायला हवं, पाणी वर तरंगायला नको. झाकण आणि मीटर एका झिप पिशवीत बंद करून १२ तास ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता होते. मीटर ७० दाखवत असेल तर त्याच्या आकड्यात ५ मिळवायचे, ८१ दाखवत असेल तर ६ वजा. आकडा मीटरच्या पाठीवर चिठ्ठी लावून लिहून ठेवा, वर्षाने परत तपासा. १० पेक्षा जास्त फरक दाखवणारा मीटर ठेवू नका.